आटलेली चांदी, बुडालेली चांदी

१६७४च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून रायगडावर गेला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तोंडावर आला होता. इंग्रजांना नजराणा द्यायचा होता आणि त्याच निमित्ताने तहाचं कामही उरकायचं होतं. त्याच्याजवळच्या मसुद्यात वीस कलमं होती. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी, जकात, हे एकेक करून मार्गी लागत गेलं. घोडं अडलं ते दोन कलमांवर. इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, हे एक. आणि किनाऱ्यावर फुटलेली इंग्रजी जहाजं, त्यांतल्या मालासकट, इंग्रजांना परत मिळावीत, हे दुसरं.

महाराजांकडच्या निराजी पंडितांमार्फत आलेलं उत्तर ऑक्झिंडनने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. नाण्यांबद्दल महाराजांचं म्हणणं असं होतं, की कुठल्याही नाण्याला आमची मनाई नाही, पण तोटा सोसून ते घ्याच, अशी सक्ती रयतेवर करता येणार नाही. वजनाला आणि कसाला मोगलांच्या नाण्याइतकं असेल तर लोक आपण होऊन घेतील. जहाजांबद्दलचं उत्तर जास्त ठाम होतं. वादळाने किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि त्यातला माल परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. आज इंग्रजांना सवलत दिली तर उद्या फ्रेंच आणि डच तीच मागतील, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज मोडेल.

मी एरंडोलला चांदीचं दुकान चालवतो. आजोबांपासूनचा धंदा. तराजूच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक काटा आला, पण कसोटीचा दगड तोच आहे. ही दोन उत्तरं वाचली तेव्हा मला ती एका तहातली दोन वेगळी कलमं वाटलीच नाहीत. परदेशी चांदी दर्याने येते. आली तर कसावर आणि वजनावर तिचं मोल ठरतं, बुडाली तर दर्याचा कायदा लागू होतो. सतराव्या शतकातल्या आपल्या मुलखाच्या पैशाची सगळी गोष्ट या दोन वाक्यांत येते. मी गेली कित्येक वर्षं जी नाणी गोळा करतोय, तीही याच दोन वाटांनी आलेली आहेत.

खानदेशाला समुद्र नाही. पण ज्या चांदीसाठी इंग्रज रायगडावर हुज्जत घालत होते, ती आमच्या दारावरून जात होती. एरंडोलपासून दहा-बारा किलोमीटरवर धरणगाव आहे. परवा-परवापर्यंत ते एरंडोल तालुक्यातच होतं. तिथे १६७४ साली इंग्रजांची कापडाची वखार होती, अशी नोंद जुन्या खानदेश गॅझेटियरात आहे. रायगडावरचा तह होऊन वर्ष उलटत नाही तोच मराठी फौजेने धरणगाव लुटलं. पुढे १६७९मध्ये पुन्हा, आणि १६८५मध्ये संभाजीराजांच्या फौजेने. त्या काळी या बाजूच्या सगळ्यात भरलेल्या पेठांत धरणगावची गणना होत होती, म्हणूनच ते इतक्यांदा लुटलं गेलं. वखारीतल्या इंग्रजांच्या पेटीत काय असायचं? कापड घ्यायला रोख पैसा लागे, आणि विणकर विलायती नाणं घेत नसे. त्याला रुपया हवा असे. मग इंग्रजांकडे रुपया कुठून येई? सुरतेच्या टांकसाळीतून. आणि टांकसाळीकडे चांदी कुठून येई? इथून पुढे गोष्ट थेट दक्षिण अमेरिकेत जाते.

आजच्या बोलिव्हियात पोटोसी नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंच. १५४५ साली तिथल्या एका डोंगरात चांदी सापडली आणि स्पेनच्या राजाने तो डोंगर आतून पोखरून काढला. तिथले मूळचे लोक पाळीपाळीने वेठीला धरून खाणीत उतरवले जात. किती मेले याचा हिशेब नीट लागत नाही, पण डोंगराने माणसं खाल्ली असं तिथे आजही म्हणतात. हे मी मुद्दाम आधीच सांगतो. चकचकीत नाण्याच्या मागे काय असतं, ते माहीत असल्याशिवाय ते नाणं हातात धरू नये असं माझं मत आहे.

पोटोसीला आणि मेक्सिकोला टांकसाळी होत्या. मेक्सिकोची तर १५३६पासूनची. तिथे नाणं पाडायची रीत आपल्या जुन्या टांकसाळीच्या रीतीशी इतकी मिळतीजुळती, की सोनाराला ती समजावून सांगावी लागत नाही. चांदी वितळवून लांब कांब ओतायची, छिन्नीने तुकडे पाडायचे, तुकडा तापवून चेपायचा, काट्यावर घालायचा आणि जास्त भरला तर कातरीने कडा कातरायच्या. वजन जमलं की खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरायचा आणि घण घालायचा. गोल झालं काय, न झालं काय, कोणी बघत नसे. वजन आणि कस बघत. त्यामुळे ही नाणी ओबडधोबड, कोपरे निघालेली, गुळाच्या ढेपेतून फोडलेल्या खड्यासारखी दिसतात. सगळ्यात मोठं नाणं आठ रियालांचं. वजन साधारण साडेसत्तावीस ग्रॅम, चांदी शंभरात त्र्याण्णव. म्हणजे शुद्ध चांदी साडेपंचवीस ग्रॅमच्या आसपास. मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, आणि जवळजवळ निर्भेळ. हिशेब करा. अशा एका आठ रियालाच्या नाण्याचे दोन रुपये आणि वर थोडी चांदी. त्यातून टांकसाळीचा खर्च वजा.

हे नाणं तेव्हा जगभर चालत होतं. मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडून मनिलाला जाई, अटलांटिक ओलांडून सेव्हिलला जाई, तिथून लंडन, ॲमस्टरडॅम, लिस्बन, आणि मग पेट्यांत भरून आफ्रिकेला वळसा घालून सुरतेला. काही तुर्कस्तान आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनेही येई. हिंदुस्थानात रुपया पाडण्याइतकी चांदी जमिनीतून निघत नव्हती. आपल्याकडची कापडं, नीळ, मिरी घ्यायला युरोपकडे दुसरा माल नव्हता, चांदी होती. म्हणून मोगलांचा रुपया म्हणजे पुष्कळ अंशी मेक्सिकोची आणि पोटोसीची चांदी.

सुरतेला उतरलेला रियाल बाजारात तसाच फिरत नसे. मोगलांचा कायदा साधा आणि कडक होता. परदेशी नाणं म्हणजे नुसती चांदी. ती सराफाकडे किंवा टांकसाळीत न्यायची, तिथे तिचा कस बघायचा, ती आटवायची आणि बादशहाच्या नावाचा रुपया पाडून घ्यायचा. चांदी कोणीही आणावी, ठरलेला खर्च द्यावा आणि रुपये घेऊन जावे. जाँ-बातिस्त तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात अनेकदा हिंदुस्थानात आला. इथल्या सराफांची पारख पाहून तो थक्क झाला होता. कसोटीवरचा कणभर चुराही ते वाया जाऊ देत नसत, असं त्याने लिहिलं आहे. आमच्या दुकानात अजूनही कसोटी पुसलेलं फडकं फेकत नाहीत, साठलं की जाळतात आणि राखेतली चांदी काढतात. तावेर्नियेला हे पाहून नवल वाटलं, पण धंदा करणाऱ्याला त्यात नवल नाही.

पाडलेला रुपयाही कायम पूर्ण किमतीला चालत नसे. त्या साली पाडलेला तो सिक्का रुपया. वर्ष सरलं, पुढचं साल लागलं, की त्यावर बट्टा. जुन्या बादशहाच्या नावाचा असला तर आणखी बट्टा. म्हणजे जुना रुपया पुन्हा मुशीत जायला तयारच असे. चांदी सारखी आटत होती, सारखी नवी होत होती. सराफाचा नफा या फिरण्यातच होता.

हा रुपया ज्या वाटेने आत येई, ती सुरतेहून बुऱ्हाणपूरची वाट तावेर्नियेने मुक्कामासकट दिली आहे. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. एरंडोल या वाटेच्या दक्षिणेला, तापीच्या अलीकडे राहतं. १६३०च्या दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज याच वाटेने बुऱ्हाणपूरकडे गेला आणि रस्त्याच्या दुतर्फा पडलेली प्रेतं पाहत गेला. त्याचं ते वर्णन वाचवत नाही. चांदीने भरलेल्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर धान्यावाचून माणसं मेली होती.

बुऱ्हाणपुराला पोचलेल्या चांदीला आणखी एक वाट फुटे. तिथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात होतं आणि त्यात सोन्याचांदीच्या तारेचे पट्टे विणलेले असत, हेही तावेर्नियेने नोंदवलं आहे. म्हणजे पोटोसीच्या डोंगरातली काही चांदी बुऱ्हाणपूरच्या ओढणीच्या काठात गेली आणि तिथून पुन्हा युरोपात. नाणं म्हणून नाही, जर म्हणून. तारकसाच्या पट्टीतल्या भोकातून ओढून ओढून केसाइतकी बारीक झालेली.

आता माझा मुद्दा. खानदेशात इतकी चांदी आली, पण स्पॅनिश रियाल इथे कोणाच्या घरात सापडतो का? मला आजवर एकही सापडला नाही. एरंडोल, पारोळा, अमळनेर, चोपडा, या भागातल्या जुन्या घरांतली चांदी माझ्या आणि माझ्या वडिलांच्या काट्यावरून वर्षानुवर्षं गेली. राणीछाप रुपये शेकड्यांनी आले. चांदवडी रुपये आले. बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीचे, शाहजहान आणि औरंगजेबाच्या नावाचे आले. रियाल आला नाही, आणि येणारही नाही. सुखरूप पोचलेला जवळजवळ प्रत्येक रियाल सुरतेलाच आटला. सराफांनी आपलं काम चोख केलं आणि पुरावा पुसला गेला.

मग आज संग्रहकांच्या हातात जे रियाल आहेत, ते कुठले? काही युरोप-अमेरिकेतल्या जमिनीतून आलेले, काही चीनकडून आलेले. पण आशियाच्या व्यापारासाठी निघालेले आणि जसेच्या तसे राहिलेले रियाल बहुतेक समुद्राच्या तळाचे. जे पोचलं ते आटलं, जे बुडालं ते राहिलं. बुडालेलं जहाज हे मालकाचं दिवाळं आणि खलाशांचं मरण असतं. पण आज आमच्यासारख्यांना ती एकमेव जागा आहे, जिथे सुरतेच्या मुशीच्या तोंडातून सुटलेलं नाणं बघायला मिळतं.

माझ्याकडे असं एक नाणं आहे. पोटोसीचा आठ रियाल, १७३०च्या दशकातला. मुंबईतल्या नाण्यांच्या लिलावात, बिल आणि कागदपत्रांसकट घेतलेला. तो ‘प्रिन्सेस लुईझा’ या जहाजातला आहे. हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १७४३च्या मार्चमध्ये इंग्लंडहून इराण आणि मुंबईकडे निघालं. एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला, केप व्हर्दे बेटांपैकी मायो बेटाच्या खडकावर आपटून फुटलं. त्यात चांदीच्या वीस पेट्या होत्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीला पाणबुड्यांनी त्यातली चांदी वर काढली आणि बरीचशी जगभरच्या संग्रहकांत विकली गेली. ते जहाज मुंबईला लागलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. १७१७च्या बादशाही फर्मानापासून मुंबईची टांकसाळ मोगल धर्तीचे रुपये पाडत होती. चांदी मुंबईत नाही तर सुरतेत आटली असती, आणि रुपये होऊन कापडापायी घाटांवरच्या पेठांत पसरली असती. त्यातला एखादा तापीकाठीही आला असता.

नाणं हातात घ्या. एका बाजूला दोन खांब, खाली समुद्राच्या लाटा. खांबांमधून आडव्या दोन रेषा गेल्यामुळे नऊ घरं झालेली. वरच्या ओळीत टांकसाळीचं अक्षर, आठचा आकडा आणि पारख्याचं अक्षर. मधल्या ओळीत ‘प्लुस उल्त्रा’ हे लॅटिन बिरुद, अक्षरं तीन-तीन अशी मोडून बसवलेली. खालच्या ओळीत पुन्हा पारख्याचं अक्षर, सालाचे आकडे, पुन्हा टांकसाळीचं अक्षर. दुसऱ्या बाजूला मोठा क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत किल्ले आणि सिंह. माझ्या नाण्यावर घण तिरका बसला आहे, त्यामुळे उजवा खांब अर्धाच उमटला. डावीकडची कड सरळ रेषेत कापलेली आहे, तिथे कातरीची धार अजून दिसते. मला त्या नाण्यात सगळ्यात आवडते ती ही कातरलेली कड. अडीचशेहून जास्त वर्षं पाण्यात राहूनही तिथे कोणा कामगाराने वजन जुळवल्याची खूण आहे.

एकच अक्षर दोनदा, सालही एकाहून जास्त ठिकाणी, हे कशासाठी? त्याला कारण घडलं होतं. १६४०च्या दशकात पोटोसीच्या टांकसाळीत चांदीत तांबं मिसळण्याचा मोठा घोटाळा उघडकीला आला. चौकशी झाली आणि चांदीचा मोठा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा याला १६५०मध्ये देहदंड झाला. खराब नाणी युरोपभर पसरली होती, आणि पोटोसीकडचा रियाल म्हटलं की व्यापारी हात आखडता घेऊ लागले होते. म्हणून १६५२पासून नवा ठसा आणला. जबाबदार पारख्याचं अक्षर आणि साल इतक्या ठिकाणी घातलं, की घण कितीही तिरका बसला तरी एखादं तरी उमटावंच. ज्याने कस पाहिला, त्याचं नाव नाण्यावर. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे फार योग्य वाटतं. आज आपण दागिन्यावर हॉलमार्क बघतो, तिथे मागे हेच तत्त्व आहे.

वजन मात्र भरत नाही. सत्तावीस ग्रॅमच्या आसपासचं नाणं माझ्या काट्यावर चोवीसच्या आत भरतं. चांदी समुद्रात सडते, हे पुष्कळांना माहीत नसतं. खारं पाणी आधी तिच्यातलं तांबं खातं, मग पृष्ठभाग क्लोराइड आणि सल्फाइड होऊन काळा पडतो आणि पापुद्र्यांनी जातो. पेटीतल्या ढिगाच्या मधलं नाणं चांगलं राहतं, बाहेरच्याची चाळण होते. म्हणजे वजन पाहून पेटीत ते नाणं कुठे होतं याचाही अंदाज येतो. सुरतेच्या सराफाने हेच नाणं पाहिलं असतं तर तूट धरून किंमत कमी केली असती. संग्रहक ती तूट वाचतो.

आणि आता उलटी गोष्ट, जी मला सगळ्यात जवळची आहे. श्रीलंकेच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यापासून दूर ग्रेट बासेस नावाचे खडक आहेत. सिंहली लोक त्यांना महा रावण कोटुव म्हणतात. १९६१च्या मार्चमध्ये माइक विल्सन हा पाणबुड्या दोन कोवळ्या वयाच्या अमेरिकन मुलांना घेऊन तिथे पाण्याखाली चित्रीकरण करत होता. तिथे त्यांना तोफा दिसल्या, आणि नाण्यांचे डिखळे. विल्सनचा भागीदार म्हणजे विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क. त्याने पुढे १९६४मध्ये या शोधावर पुस्तक लिहिलं. १९६३मध्ये पीटर थ्रॉकमॉर्टन या जाणकाराला सोबत घेऊन त्यांनी पुन्हा तिथे काम केलं.

ही नाणी कोणाची निघाली? औरंगजेबाची. सुरतेच्या टांकसाळीची. आणि साल हिजरी १११३, म्हणजे १७०१-०२. एका एका डिखळ्यात सुमारे हजार रुपये, आणि डिखळ्याला अजून पिशवीचा आकार. पिशवी कुजून गेली, पण चांदी एकमेकीला चिकटून तशीच उभी राहिली.

संग्रहकाला यातून काय कळतं ते सांगतो. बाजारातून गोळा केलेल्या हजार रुपयांच्या थैलीत दहा सालांचे, तीन टांकसाळींचे रुपये मिळाले असते, सराफांच्या छोट्या ठशांनी भरलेले. इथे एकच साल, एकच टांकसाळ. म्हणजे हे रुपये टांकसाळीतून निघाले ते थेट जहाजावर चढले. बट्टा लावायला त्यांना कोणाचा हातच लागला नाही. आणि त्यांतली चांदी? सुरतेची टांकसाळ त्या काळी ज्यावर चालत होती तीच, दर्यापारची. म्हणजे जी चांदी पोटोसीहून आणि मेक्सिकोहून निघून सुखरूप सुरतेला आली, आटली, रुपया झाली, ती पुन्हा जहाजावर चढली आणि रावणाच्या कोटावर फुटली. माझ्या संग्रहात प्रिन्सेस लुईझाचा रियाल आणि सुरतेचा औरंगजेबी रुपया मी शेजारी-शेजारी ठेवतो. रुपयावर बादशहाच्या नावाची फारसी द्विपदी आहे. सोन्याच्या मोहरेवर त्याच द्विपदीत सूर्य असतो, चांदीच्या रुपयावर पौर्णिमेचा चंद्र. ती लिहिणाऱ्या कवीला आणि पोटोसीच्या पारख्याला एकमेकांची गावंही ठाऊक नसतील, पण दोघांच्या हाताखालून गेलेला धातू एकच असू शकतो.

यासाठीच डिखळा फोडू नये. बाजारात असे डिखळे सुटे करून, तेजाबात धुऊन, चकचकीत करून एकेक नाणं विकलं जातं. एकेकाला भाव चांगला मिळतो, पण एका थैलीतले हजार रुपये एकाच सालचे होते, हे सांगणारा पुरावा गेला की ते नुसते जुने रुपये उरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर १६५६ साली फुटलेल्या ‘व्हर्गुल्डे ड्रॅक’ या डच जहाजावर रियालांच्या आठ पेट्या होत्या. तिथल्या सरकारने असल्या जहाजांसाठी कायदा केला, आणि वर आलेल्या नाण्यांचा मोठा भाग संग्रहालयात एकत्र राहिला. मायो बेटाची नाणी मात्र लिलावात विखुरली. माझं स्वतःचं नाणं त्या विखुरण्यातलंच आहे आणि मला ते मनापासून प्रिय आहे. पण मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाने केलं ते जास्त चांगलं. म्हणून मी नाण्याबरोबरचा कागद नाण्याइतकाच जपतो. कुठल्या जहाजातलं, कधी काढलेलं, कोणी विकलेलं, हा कागद हरवला की उरते ती चोवीस ग्रॅम खराब चांदी.

आपल्याकडे या कामाची माणसं आहेत. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी १९९०च्या दशकात गोव्याच्या सुंची खडकाजवळ एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफेची नळी, चिनी मातीची भांडी. नाण्यांचा शोध म्हणून ते काम झालंच नव्हतं, जहाजाचा शोध म्हणून झालं, आणि तसंच व्हायला हवं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८०मध्ये सुरू केलेली. खानदेशातल्या माणसाला नाणं दाखवायला त्याहून जवळची आणि जाणती जागा नाही.

माझ्या दुकानात मात्र सुरतेची मूस अजून पेटलेली आहे. दिवाळीआधी आणि आखाजीच्या सुमाराला लोक जुनी चांदी मोडायला आणतात. तोडे, वाळे, कमरपट्टे, आणि त्यांच्यातच एखादा रुपया. मागे एका आजींनी फडक्यातून काढून एक वाकडा, काळा पडलेला रुपया माझ्यापुढे टाकला. “भाऊ, हाई बिनकामनं शे, आटी टाक.” त्यावर बुऱ्हाणपूर अशी टांकसाळ होती, कड झिजलेली, आणि सराफांचे चार ठसे. चार ठसे म्हणजे निदान चार वेळा तो कोणीतरी तपासला, बट्टा लावला आणि पुढे पाठवला. आजींना मी चांदीच्या भावापेक्षा जास्त पैसे दिले आणि का देतो तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, मग मी आधी मोडले ते? ते माझ्या वडिलांच्या काळात मोडलेले होते. टाकणखार घालून, मुशीत, लगड करून.

वडिलांची यात चूक नव्हती. धंदा तसाच शिकवतो, वजन आणि कस. पण आता चांदी मुबलक आहे आणि बुऱ्हाणपूरचा रुपया पुन्हा पडणार नाही. लगडीची किंमत ग्रॅमवर ठरते, ठशाची किंमत त्या लगडीत राहत नाही.

एरंडोल, धरणगाव, चोपडा, रावेर, थाळनेर, या पट्ट्यातल्या वाचकांना म्हणून एवढंच सांगायचं. घरातल्या पुरचुंडीत, देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला ठेवलेल्या डब्यात, वाकडं, जाड, फारसी अक्षरांचं नाणं असेल तर ते घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच लावू नका. काट्यावर घालून वजन लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि घरात ते कोणाकडून आलं हे आठवत असेल तर तेही त्याच कागदावर लिहा. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून देऊ नका. आणि नांगरताना किंवा पाया खणताना मडकं निघालं, तर त्यातलं एकही नाणं वेगळं काढू नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे त्याची वर्दी कलेक्टरांकडे जायला हवी. मडकं तसंच्या तसं गेलं, तर ते कोणत्या साली आणि कोणाच्या भीतीने पुरलं गेलं, हे त्यातल्या शेवटच्या सालाच्या रुपयावरून सांगता येतं.